नवजात बाळांचा तक्ता आणि त्यातलं नागपूर

जन्मलेल्या बाळाचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर दिवसांच्या मानाने ठीक आहे का, हे डॉक्टर तक्त्यावर ताडून बघतात. बाळ त्यात लहान ठरलं की ‘हे तक्ते परदेशी, आपली बाळं मुळातच लहान चणीची’ असं नागपुरात सहज म्हटलं जातं. पण सध्याचा आंतरराष्ट्रीय तक्ता ज्या बाळांना मोजून बनला, त्यांत नागपूरचीही बाळं होती.

जुने तक्ते मात्र खरोखरच परके होते. 1963 साली बालरोगतज्ज्ञ लुला लुबचेन्को यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जन्मलेल्या बाळांच्या वजनांवरून आलेख काढले आणि ते जगभर चालले. डेन्व्हर 1600 मीटर उंचीवर. विरळ हवेत बाळं थोडी हलकीच जन्मतात, पण आलेख वापरताना कोण एवढं बघतो! 2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या निरोगी मुलांवरून पाच वर्षांपर्यंतचे तक्ते काढले. त्यात भारतातर्फे दक्षिण दिल्ली होती. अंगणवाडीत हेच तक्ते चालतात, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सोय त्यांत नाही.

ती उणीव ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या ‘इंटरग्रोथ-21’ प्रकल्पाने बऱ्याच अंशी भरून काढली. जगभरातली आठ ठिकाणं निवडली गेली, त्यात नागपूर. इथलं काम डॉ. मनोरमा पुरवार यांनी सांभाळलं. तक्त्यासाठी आया पारखून घेतल्या: उंची किमान 153 सेंटिमीटर, वजन बेताचं, आजार नाही. बाळाची लांबी मोजायला दोघं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून पायाकडची फळी सरकवायची. अशा सुमारे 20,500 बाळांवरून 2014 मध्ये तक्ते आले.

आई निरोगी असेल तर सगळीकडची बाळं सारखीच वाढतात, हा या प्रकल्पाचा दावा मुख्यतः लांबी आणि डोक्याच्या घेरावर उभा होता. जन्माच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी ठिकाणामुळे पडणारा फरक फक्त 3.5 टक्के निघाला. वजनाचं तसं नव्हतं. ब्रिटनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, नागपूरच्या पारखून घेतलेल्या आयांच्या बाळांचं 2.9 किलोच्या आसपास. खरा वाद इथे आहे. याच तक्त्याने दक्षिण आशियातली सुमारे 34 टक्के बाळं दिवसांच्या मानाने लहान ठरतात.

म्हणून भारताचा वेगळा तक्ता काढा, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2003 मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली: 2.7 किलोविरुद्ध 3.5. पण कमतरता सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव लहान भरले, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. पुढे मधुमेहाकडे झुकणारी ही ठेवण आपल्याकडे सर्रास दिसते म्हणून तिला ‘नॉर्मल’ म्हणायचं का, याचं उत्तर वजनकाटा देत नाही.