कोकनी सॅमन

कोकनी हा सॉकाय सॅमनचाच (ऑन्कोऱ्हिंकस नेर्का) एक प्रकार. फरक इतकाच, की तो समुद्रात न जाता सारा जन्म तळ्यात काढतो. ब्रिटिश कोलंबियातील सॅलिश भाषांमधून आलेल्या या नावाचा अर्थ ‘लाल मासा’ असा सांगतात; कोकणाशी त्याचा काही संबंध नाही. उत्तर अमेरिकेचा वायव्य भाग, जपान आणि कामचाट्का येथे तो मूळचा आढळतो. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा, माँटॅना येथील तळ्यांत आणि धरणांत तो माणसाने नेऊन सोडला.

याच तळ्यांत ट्राऊट हा सॅमनच्याच कुळातला मासाही असतो. तो सहसा आकाराने मोठा असतो आणि काठावर बसूनही मिळतो. तरी अनेक हौशी गळकरी त्याला सोडून कोकनीमागे लागतात, ते मुख्यतः चवीसाठी. ट्राऊट किडे, गोगलगायी, लहान मासे असे मिळेल ते खातो. कोकनी मात्र कल्ल्यांतील दाट दात्यांनी पाण्यातले प्राणिप्लवक, विशेषतः डॅफ्नियासारखे सूक्ष्म कवचधारी जीव, टिपतो. त्यांतील रंगद्रव्याने त्याचे मांस गडद नारिंगी होते. ते तेलकट असते, त्यामुळे धुरावण्यास उत्तम. संवर्धन केंद्रातून नुकत्याच सोडलेल्या ट्राऊटचे फिकट मांस त्यापुढे बेचवच लागते.

हाच आहार गळकऱ्याची कसोटी पाहतो. प्लवक गळाला कसे लावणार? म्हणून चालत्या होडीमागे चमकणारी धातूची पत्री आणि तिच्यामागे गुलाबी किंवा नारिंगी आमिष ओढतात. गळाला बहुधा मक्याचे एक-दोन दाणे टोचतात. मासा भुकेपेक्षा चिडून तोंड घालत असावा, असा गळकऱ्यांचा समज आहे. उन्हाळ्यात कोकनी साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसच्या थरात उतरतो. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, थवा शोधून जड गोळ्याच्या साहाय्याने दोर नेमका त्या खोलीवर न्यावा लागतो. तोंड इतके नाजूक, की जरा जोराने ओढले तर ते फाटून मासा निसटतो. लांबी बहुधा २५ ते ४५ सेंमी. ऑरेगनच्या वॉलोवा तळ्यात २०१० मध्ये सुमारे ४.४ किलोचा मासा मिळाला, पण तो अपवादच. हंगामही मर्यादित: बहुतेक मासे तीन-चार वर्षांचे होताच शरदात लाल होतात, अंडी घालून मरतात, आणि तोवर मांसाची चव गेलेली असते.

एकाच अन्नावर जगणे कोकनीला महागातही पडते. माँटॅनाच्या फ्लॅटहेड तळ्यात तो १९१६ मध्ये सोडला गेला. पुढे वरच्या तळ्यांत, माशांना खाद्य म्हणून, मायसिस कोळंबी सोडण्यात आली. ती वाहत १९८१ च्या सुमारास फ्लॅटहेडमध्ये पोहोचली. दिवसा ती तळाशी राहते, त्यामुळे नजरेने शिकार करणाऱ्या कोकनीच्या तोंडी लागत नाही. रात्री वर येऊन त्याचेच प्लवक फस्त करते. तिच्यावर पोसलेल्या लेक ट्राऊट या मोठ्या शिकारी माशाने उरलेसुरले कोकनी खाल्ले. तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मॅकडोनाल्ड ओढ्यात अंडी घालायला येणाऱ्या कोकनींची संख्या १९८५ मध्ये लाखावर होती. १९८९ मध्ये ती ५० च्या आसपास आली, आणि त्यांच्यासाठी दर शरदात शेकड्यांनी जमणारे टकले गरुडही तिथे येईनासे झाले.