फॉक्सफेस की यलो टँग: शेवाळ खाणारे दोन पिवळे मासे

मुंबईहून पार्सल आलं की नाशिकच्या दुकानात खाऱ्या पाण्याच्या टाकीतले हे दोन्ही मासे ‘शेवाळ खाणारा पिवळा’ म्हणून शेजारीशेजारी दिसतात. दोघेही वीतभर वाढतात, दोघांनाही किमान चार बाय दोन बाय दोन फुटांची, म्हणजे साधारण ४५० लिटरची टाकी लागते. बाकी मात्र दोघांचं फारसं जुळत नाही.

टँग उंच आणि चपटा, बशी उभी केल्यासारखा, अंगभर एकच पिवळा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक पांढरा काटा असतो. फॉक्सफेस हा रॅबिटफिश कुळातला. तो लांबट, पुढे आलेल्या तोंडाचा, चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे असलेला. रात्री किंवा घाबरल्यावर तो तपकिरी, डागाळलेला होतो. नवीन माणसाला वाटतं मासा गेला. सकाळी दिवा लागला की पुन्हा पिवळा.

खरा फरक हत्यारांत आहे. टँगचा काटा नस्तरासारखा कापतो, पण त्यात विष नाही. फॉक्सफेसच्या पाठीवर १३, पोटाखालच्या मागच्या परावर ७ आणि पोटाजवळच्या प्रत्येक परावर २ काटे असतात, आणि ते विषारी आहेत. तो अंगावर येत नाही. खडक हलवताना किंवा जाळीतून सोडवताना हाताला टोचतो. म्हणून त्याला जाळीने धरूच नये, काटे जाळीत अडकतात. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून पाण्यासकट उचलावा. टोचलंच तर जखम सोसेल इतक्या गरम, पण ४५ अंशांपुढे न जाणाऱ्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं ठेवावी. उष्णतेने हे विष निकामी होतं. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या हाताने तपासावं. सूज पसरली किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

शेवाळाच्या बाबतीत आमचं मत फॉक्सफेसच्या बाजूने आहे. टँग खडकावरचा पातळ थर दिवसभर खुडत राहतो. फॉक्सफेस केसाळ हिरव्या शेवाळाचे झुपके तोडून खातो, कधीकधी बबल अल्गीलाही, म्हणजे हिरव्या फुग्यांसारख्या शेवाळालाही, तोंड लावतो. तरी बोटभर लांब झालेलं शेवाळ आधी हातानेच उपटावं. जुनं, चिवट शेवाळ दोघंही टाळतात. आणि लाल, पापुद्र्यासारखा सोलून निघणारा चिकट थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया, ते शेवाळ नव्हे, जिवाणू. तो दोघांपैकी कुणीच खात नाही, त्यासाठी मासा आणणं म्हणजे पैसे पाण्यात. उपाशी फॉक्सफेस झोअँथिड (फुलांच्या गुच्छासारखे दिसणारे प्रवाळांचे नातलग) आणि मांसल प्रवाळ कुरतडू शकतो, हा त्याचा दोष.

टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे मरीन इक, पटकन धरतो. फॉक्सफेस त्यामानाने चिवट, तरी आणल्यावर आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे दोघांनाही ठेवावं. टँग आपल्यासारख्या आकाराच्या माशावर तुटून पडतो. फॉक्सफेस इतरांशी शांत, पण दुसऱ्या फॉक्सफेसशी भांडतो. दोघं एकत्र ठेवायचे असतील तर टँग शेवटी सोडावा.

नाशिकचा उन्हाळा दोघांनाही जड जातो. पाणी २५-२६ अंशांवर हवं. २९ च्या पुढे पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि मासे धापा टाकतात. मार्च ते मेच्या कोरड्या हवेत पाण्यावर सोडलेला पंखा २-३ अंश उतरवतो, पावसाळी दमट हवेत तो तितकं काम करत नाही. पंख्याने पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून रोज बिनमिठाचं आरओ-डीआय पाणी (आरओनंतर उरलेले क्षार डीआय रेझिनने काढलेलं) घालून घनता १.०२५ वर ठेवावी. बोअरचं किंवा नळाचं पाणी घातलं तर नायट्रेट-फॉस्फेट येऊ शकतं, आणि शेवाळ पुन्हा वाढतं. घरगुती आरओचं पाणीही डीआय रेझिनमधून काढावं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप, शून्य दिसला पाहिजे.

फॉक्सफेस अनेकदा मरतो तो शेवाळ संपल्यावर. टाकी स्वच्छ दिसते, मालक खूश, आणि माशाचं पोट आत जात राहतं. रोज बिनमसाल्याच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याचा) तळहाताएवढा तुकडा क्लिपला लावावा. छातीच्या परामागे पोट खोल गेलेलं दिसलं तर दिवसातून दोनदा.