एएफई टॉवर

जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे ग्योटे विद्यापीठाच्या बोकेनहाइम आवारात असलेली ३८ मजली, ११६ मीटर उंच इमारत. १९७२ मध्ये बांधून पूर्ण झाली. २ फेब्रुवारी २०१४ रोजी सुरुंग लावून पाडली. नाव शिक्षणशास्त्र विभागाच्या जर्मन आद्याक्षरांवरून पडले. समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्राचे वर्ग इथे भरत.

शैली ब्रुटॅलिस्ट. या शब्दाचा क्रौर्याशी संबंध नाही. ‘बेतों ब्रूत’ म्हणजे फ्रेंचमध्ये कच्चे, गिलावा न केलेले काँक्रीट. बडोद्यात घराचा स्लॅब ओतला आणि सेंट्रिंग, म्हणजे त्याखालचा फळ्यांचा साचा, उतरले की खालून फळ्यांच्या रेघा दिसतात, लाकडाची गाठसुद्धा उमटलेली असते. चार दिवसांनी गवंडी ते सगळे गिलाव्याखाली झाकतो. या शैलीच्या वास्तुकारांना नेमके तेच उघडे ठेवायचे होते.

टॉवरचे खरे दुखणे मात्र लिफ्टचे. तास संपला की सगळ्यांना एकदमच वर-खाली जायचे असे, आणि रांगा लागत. सयाजीराव विद्यापीठात कला शाखेच्या घुमटाच्या इमारतीत शिकलेल्याला हे चटकन कळेल. तिथे तास सुटला की मुले व्हरांड्यात पांगतात, आणि निम्मे शिक्षण तिथेच होते. एकावर एक रचलेल्या विद्यापीठात असा व्हरांडा कुठून येणार? माझ्या मते ही चूक काँक्रीटची नाही, आराखड्याची होती.

पुढे विद्यापीठाने वेस्टएंड आवारात बिऱ्हाड हलवले आणि २०१३ मध्ये टॉवर रिकामा झाला. पाडण्यासाठी सुमारे ९५० किलो स्फोटके वापरली. आधी बाहेरचा सांगाडा कोसळला. मधला गाभा काही क्षण एकटाच उभा राहिला आणि मग तोही खाली आला. रविवारच्या त्या सकाळी हजारो लोक बघायला जमले होते. त्या जागी आता हॉटेल आणि सदनिकांचा नवा मनोरा आहे.

दिल्लीतील प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स हा काँक्रीटचा प्रदर्शन-हॉलही १९७२ चाच, वास्तुकार राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांचा. तो एप्रिल २०१७ मध्ये रात्रीतून पाडला. ६० वर्षे न झालेली वास्तू वारसा म्हणून विचारात घेता येत नाही, असे तेव्हा वारसा समितीचे म्हणणे होते. तो ४५ वर्षांचा होता, एएफई टॉवर ४२ वर्षांचा.