घटनादुरुस्ती

राज्यघटनेतील तरतुदी त्याच घटनेने घालून दिलेल्या रीतीने बदलणे, वगळणे किंवा त्यांत नव्या तरतुदींची भर घालणे म्हणजे घटनादुरुस्ती. नवी घटना तयार करणे हे याहून वेगळे काम असून ते बहुधा संविधान सभेकडे असते. भारताच्या संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली; फाळणीनंतर बंगालमधून मिळालेली जागा गेल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून या सभेवर पुन्हा निवडून गेले.

दुरुस्ती किती अवघड असावी, याबाबत देशादेशांत मोठा फरक आहे. अमेरिकेत ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. तेथे १७८९ मध्ये मांडलेली एक दुरुस्ती १९९२ मध्ये सत्ताविसावी म्हणून मंजूर झाली. ऑस्ट्रेलियात सार्वमतामध्ये देशभरातील मतदारांचे आणि बहुसंख्य राज्यांचे असे दुहेरी बहुमत मिळवावे लागते. जपानची १९४७ ची घटना आजवर एकदाही दुरुस्त झालेली नाही. ब्रिटनमध्ये मात्र एकत्र लिहिलेली घटनाच नसल्याने संसदेचा साधा कायदा पुरतो.

भारताने मधला मार्ग स्वीकारला. राज्यांच्या सीमा अनुच्छेद ३ नुसार साध्या बहुमताने बदलता येतात आणि अशा कायद्याला घटनादुरुस्ती मानले जात नाही. मुंबईसह महाराष्ट्र राज्य ज्या कायद्याने १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, तो मुंबई पुनर्रचना अधिनियम याच स्वरूपाचा होता. इतर बहुतेक तरतुदींसाठी अनुच्छेद ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. संघराज्याच्या रचनेला हात घालणाऱ्या दुरुस्तीस किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही आवश्यक असते. वस्तू व सेवा कराची १०१ वी दुरुस्ती (२०१६) या वर्गातली. तिने स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची नोंद राज्यसूचीतून वगळली आणि १ जुलै २०१७ पासून मुलुंड, दहिसर येथील जकात नाक्यांवरची वसुली थांबली. महापालिकेचे एवढे मोठे उत्पन्न गेल्याने राज्याला भरपाईचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहे काय, हा या विषयाचा गाभा आहे. मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये रद्द केली, तेव्हा संसदेने पुढच्याच वर्षी पहिली दुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण जोडले. मूलभूत हक्क असे आकुंचित करता येणार नाहीत, असे १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात ठरले. १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने संसदेने तो अधिकार परत घेतला. या अधिकाराला मर्यादा आहे काय, हे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस युक्तिवाद चालला आणि त्यात दोन्ही बाजूंचे प्रमुख वकील मुंबईचे होते: याचिकाकर्त्यांच्या वतीने नानी पालखीवाला, तर केरळ सरकारच्या वतीने महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई. संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट, म्हणजे घटनेची ओळख ठरवणारी मूळ तत्त्वे, मोडू शकत नाही, असा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने लागला. जर्मनीत अशी मर्यादा १९४९ च्या घटनेतच लिहिलेली आहे. भारतात ती न्यायालयाने घटनेच्या अर्थातून काढली, म्हणूनच घटनेत न लिहिलेली मर्यादा न्यायालयाने घातली, हा तिच्यावरचा आक्षेप गंभीरपणे विचारात घेण्याजोगा होता.

आणीबाणीत, नोव्हेंबर १९७५ मध्ये, या निकालाच्या फेरविचारासाठी पुन्हा १३ न्यायमूर्तींचे पीठ बसले. पालखीवालांच्या प्रखर विरोधानंतर ते दोन दिवसांतच विसर्जित झाले. बेचाळिसाव्या दुरुस्तीने (१९७६) संसदेचा अधिकार अमर्याद असल्याचे घटनेतच लिहिले गेले, पण मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० मध्ये तो भाग रद्दबातल ठरला. आणीबाणीच्या अनुभवानंतर सीरवाई यांनीही संसदेच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही ही आपली पूर्वीची भूमिका सोडून मूलभूत चौकटीचे तत्त्व मान्य केले.