निर्वासित उपजीविका : लघुवित्त आणि स्वच्छ ऊर्जा

युद्ध, छळ वा हिंसाचारामुळे परदेशात आश्रय घ्यावा लागलेल्या लोकांना केवळ शिध्यावर न ठेवता छोट्या धंद्यासाठी भांडवल आणि त्या धंद्याला लागणारी वीज वा इंधन मिळवून देण्याची पद्धती. या दोन अंगांचा एकत्रित विचार साधारणतः 2015 नंतर रुळला. त्याआधी कर्ज हा पुनर्वसनाचा, तर कंदील व सरपण हा मदतकार्याचा विषय मानला जाई.

उगम : कर्जाच्या अंगाचा उगम कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक तो ग्रीसमध्ये शोधतात. तेथे 1923 मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने निर्वासित वसाहत आयोग नेमला गेला आणि 1924 च्या आंतरराष्ट्रीय कर्जातून आशिया मायनरमधून आलेल्या ग्रीकांना जमीन, घरे, जनावरे व बियाणे देण्यात आले. मात्र ती योजना मुख्यतः शेतीची होती आणि कर्जदार राज्यसंस्था होती. दुसरे मत नान्सेन तिकिटाकडे बोट दाखवते. राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक उच्चायुक्त फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या प्रयत्नाने 1926 पासून निर्वासितांच्या ओळखपत्रावर पाच सुवर्ण फ्रँकचे तिकीट लावले जाऊ लागले. त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून कर्जे दिली जात आणि परतफेडीची रक्कम पुन्हा नव्या कर्जदाराकडे जाई. आजच्या फिरत्या निधीशी हे रूप अधिक जुळते, म्हणून दुसरे मत ग्राह्य वाटते. भारतात फाळणीनंतर विस्थापितांना व्यापार-उद्योगासाठी कर्ज देण्याकरिता 1948 च्या कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापन झाले. कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या आणि 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या सिंधी वसाहतीचा काळ हाच. तथापि ही माणसे भारताचे नागरिक ठरली होती. निर्वासितांची खरी अडचण नागरिकत्वाअभावी सुरू होते, हा फरक तुलना करताना विसरू नये.

काकुमा : आज या पद्धतीचा सर्वाधिक अभ्यास केनियाच्या वायव्येकडील तुर्काना या शुष्क प्रदेशात झाला आहे. काकुमा छावणी 1992 मध्ये सुदानमधील यादवीतून आलेल्या मुलांसाठी उभारली गेली. पुढे सोमाली, इथिओपियन, काँगोली व बुरुंडी लोक आले. 2016 च्या सुमारास शेजारी कालोबेये ही वसाहत निर्वासित आणि स्थानिक तुर्काना यांना एकत्र सेवा मिळाव्यात या हेतूने वसवली गेली. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत येथे दोन हजारांहून अधिक धंदे आणि वर्षाला सुमारे 5.6 कोटी डॉलरचा उपभोग नोंदवला. त्यानंतर याच महामंडळाने एका आफ्रिकी निधीसंस्थेच्या साथीने येथील उद्योगांसाठी स्पर्धात्मक अनुदान-कर्जाची योजना आणली.

तारण हा कळीचा प्रश्न आहे. छावणीतील जमीन निर्वासिताच्या मालकीची नसते, बाहेर जायला परवाना लागतो आणि ओळखपत्राशिवाय बँक खाते वा मोबाइल पैशाचे खाते उघडणे अवघड जाते. म्हणून पहिले भांडवल बहुधा सोमालींच्या ‘हगबाद’ वा इथिओपियनांच्या ‘इकुब’ या भिशीतून येते. दुकानदार महिनाभर उधारीवर पीठ-तेल देतो आणि कधीकधी ग्राहकाचे मदतीचे कार्डच तारण म्हणून ठेवून घेतो. रोख मदत आली की आधी उधारी वळती होते. 2025 मध्ये शिधा व रोख मदत मोठ्या प्रमाणात घटल्यावर या साखळीचा आधारच हलला. लघुकर्जाच्या यशाचे मोजमाप करताना उधारीचे हे ओझे गाळणे योग्य नाही. युगांडात 2006 च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा व फिरण्याचा हक्क दिला. नाकिवाले वसाहतीत 2020 च्या सुमारास सूक्ष्मवित्त संस्थांनी शाखा उघडल्या, त्यामागे ही कायदेशीर बाजू आहे. केनियाचा 2021 चा कायदाही त्याच दिशेने जातो.

ऊर्जा : चॅटम हाउस या लंडनमधील संशोधनसंस्थेने 2015 मध्ये केलेल्या अंदाजानुसार छावण्यांतील सुमारे 80 टक्के लोकांकडे स्वयंपाकासाठी लाकूडफाट्याशिवाय फारसे साधन नव्हते आणि वीजही नव्हती. काकुमात डिझेल जनित्राचा मालक शेजाऱ्यांना तारा ओढून वीज विकत असे व दिव्यागणिक वा उपकरणागणिक दर घेई. काकुमात एका निर्वासिताने स्थापन केलेल्या कंपनीने सुमारे 20 किलोवॉटचे सौर लघुजाळे (परिसरापुरती वीज पुरवणारी छोटी व्यवस्था) उभारले, तर कालोबेयेत खासगी कंपनीने जर्मन साहाय्याने मोठे जाळे टाकले. दोन्ही ठिकाणी वीज आधी पैसे भरून मिळते.

जाळ्याची क्षमता आणि धंद्याची गरज यांचा मेळ हा तांत्रिक मुद्दा आहे. सलून, मोबाइल चार्जिंग वा थंड पेयांच्या फ्रीजला एवढी वीज पुरते. पिठाच्या गिरणीचे तसे नाही. दहा अश्वशक्तीची प्रवर्तन (इंडक्शन) मोटर पूर्ण भाराने चालताना आठ ते साडेआठ किलोवॉटच्या आसपास वीज घेते, पण सुरू होताना तिचा प्रवाह पूर्णभाराच्या पाच ते सात पट असतो. तो झटका छोट्या इन्व्हर्टरला पेलत नाही. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला तर हा झटका ओसरतो, मात्र त्या उपकरणाचा खर्च गिरणीवाल्याच्या कर्जात धरावा लागतो. कर्ज आणि वीज यांचे नियोजन एकाच टेबलावर व्हायला हवे, ते यासाठी.

जॉर्डनमध्ये मार्ग वेगळा. अझ्राक छावणीत मे 2017 मध्ये 2 मेगावॉटचा, तर झातारीत त्याच वर्षी 12.9 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. तेथे वीज निर्वासितांना विकली जात नाही, मदतसंस्थेचे वीजबिल वाचते.

स्वयंपाक : तुर्काना प्रदेशात निर्वासित व स्थानिक यांच्यात सरपणावरून तंटे होत आले. शिवाय सरपण व कोळसा विकणे हेच अनेक तुर्काना कुटुंबांचे उत्पन्न आहे. त्यासाठी वेडी बाभूळही तोडली जाते. स्वच्छ चूल आणताना त्यांच्या पोटाचाही विचार करावा लागतो. बांगलादेशात कॉक्स बाजार येथील रोहिंग्या छावण्यांत 2018 पासून गॅस सिलिंडर वाटले गेले आणि सरपणाची मागणी घटली. मात्र तेथे निर्वासितांना धंद्याची मुभा नाही, आणि 2021–22 मध्ये अधिकाऱ्यांनी छावण्यांतील हजारो दुकाने पाडली.