इन्व्हर्टरची लाइन आली कुठून?

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत मेन बोर्डाशेजारून मागाहून ओढलेली एक वायर जाताना दिसते. वायरमन तिला ‘इन्व्हर्टरची लाइन’ म्हणतात. बऱ्याच घरांत ती भारनियमनाच्या दिवसांत आली.

जून 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली, आणि त्याच सुमारास विजेचा तुटवडा घराघरांत जाणवू लागला. 2006 मध्ये पुण्यानं तोड काढली. कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची आणि खर्चातला फरक ग्राहकांनी जादा आकार म्हणून भरायचा. वीज नियामक आयोगानं मान्यता दिली. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. तोवर इन्व्हर्टर मात्र घरात शिरला होता.

घाई झाली ती जोडणीत. जुन्या फिटिंगमध्ये लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या वायरी, अनेक खोल्यांना मिळून एकच न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर. इन्व्हर्टरचा न्यूट्रल त्यातच मिसळला की आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या विजेत फरक पडताच पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) उगाच ट्रिप होतो. मग काही महाभाग तो आरसीसीबीच काढून टाकायचे!

खरा घोळ बॅटरीकडे. 12 व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असा समज. पण 600 वॉटचा भार 230 व्होल्टवर तीनेक अँपिअर घेतो, तर बॅटरीतून त्यासाठी 50 ते 60 अँपिअर निघतात. आमच्याकडे इन्व्हर्टर हॉलमध्ये आणि बॅटरी गॅलरीत. सोबतची जाड केबल पुरेना, म्हणून वायरमननं घरातलीच दीड एमएमची वायर जोडली. उन्हाळ्यातल्या एका रात्री टर्मिनलजवळ तिचं इन्सुलेशन तपकिरी होऊन वितळलेलं सापडलं, मध्ये फ्यूज नव्हताच. नंतर बॅटरी इन्व्हर्टरखाली आणली, मूळची आखूड केबल घट्ट आवळली आणि पॉझिटिव्हवर, टर्मिनलला लागूनच, फ्यूज बसवला.

लेड-अॅसिड बॅटरीचं मूळ 1859 चं, फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांचं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो हवेत चार टक्क्यांवर गेला तर ठिणगी पुरते. पाणी घालायच्या बॅटरीला हवेशीर जागा लागते ती यासाठी.

हल्ली बिल्डर इन्व्हर्टरचा पॉइंट आणि त्याची वेगळी लाइन आधीच काढून देतात. बॅटरी ठेवायची कुठे, हे मात्र नकाशात नसतं. मग ती जाते चपलांच्या कपाटात, दार लावून.