दिव्यांग युवकांचे शिक्षणातून रोजगारात संक्रमण (नागपूर)

दिव्यांग मुलगा किंवा मुलगी शाळा-कॉलेज संपवून पगारी कामात स्थिरावेपर्यंत जी नियोजनपूर्वक मदत दिली जाते, तिला संक्रमण सेवा म्हणतात. कामाची आवड ओळखणे, प्रत्यक्ष कामाच्या जागी सराव, एकट्याने प्रवास करायला शिकवणे, कागदपत्रे, मालकाशी बोलणी आणि नोकरी लागल्यावर सुरुवातीचे काही महिने पाठीशी राहणे, हे सगळे तिच्यात येते. नागपुरातले पालक मात्र ‘शाळा सुटली, आता याचं पुढे काय?’ एवढंच विचारतात, आणि या सेवेचा गाभा त्या प्रश्नातच आहे.

संकल्पना म्हणून तिची मांडणी अमेरिकेत झाली. 1984 मध्ये तेथील शिक्षण खात्यातील मॅडेलिन विल यांनी शाळा आणि कामकाजी आयुष्य यांच्यामध्ये पूल बांधण्याची कल्पना मांडली. 1990 च्या कायद्याने विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात सोळाव्या वर्षापासून पुढच्या आयुष्याचे नियोजन असणे सक्तीचे केले. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्याला मान्यता दिली. त्याचे 27 वे कलम कामाच्या हक्काचे आहे. त्यानंतर आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण 3 वरून 4 टक्के केले. पण प्रत्येक विद्यार्थ्याचा शाळेतून कामाकडे जाण्याचा आराखडा करण्याची जबाबदारी आपल्याकडे थेट शाळेवर आलेली नाही. शिक्षण एका खात्याकडे, प्रशिक्षण दुसऱ्याकडे, प्रमाणपत्र तिसऱ्याकडे आणि रोजगार चौथ्याकडे. मधली वाट पालकांनी स्वतः तुडवायची.

अठरावे वर्ष

कायद्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे 40 टक्के किंवा त्याहून अधिक, असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंतच आहे. त्याच वर्षी मूल कायद्याने सज्ञान होते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर पुष्कळ पालकांना बँकेच्या खिडकीवर पहिल्यांदा कळते की आता आपली सही पुरत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा तरुणांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानीय स्तर समिती करते. पगार खात्यात जमा व्हायचा असेल तर हा विषय नोकरीआधीच मिटवावा लागतो.

दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचेही (यूडीआयडी) तसेच. या कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत तपासणीला जावे लागते. हे काम नववी-दहावीतच उरकलेले बरे, कारण अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेतला लेखनिक आणि पुढे नोकरीचा अर्ज, सगळीकडे तेच कार्ड मागतात.

एक भीती सहसा उघड बोलली जात नाही. संजय गांधी निराधार अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा आहे. पोराला चार पैसे मिळायला लागले आणि अनुदान बंद झाले, पुढे नोकरीही सुटली, तर? हा हिशेब करणाऱ्या घराला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. समुपदेशकाने त्यांच्यासोबत बसून तो हिशेब कागदावर मांडायला हवा.

कार्यशाळा आणि खरे काम

शंकरनगरचे मूकबधिर विद्यालय, दक्षिण अंबाझरी मार्गावरची अंध मुलांची शाळा, ठिकठिकाणच्या मतिमंद मुलांच्या शाळा, अशी विशेष शिक्षणाची जुनी परंपरा नागपूरला आहे. केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे समेकित प्रादेशिक केंद्रही शहरात आहे. शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला बाबा आमटे यांनी 1949 मध्ये उभारलेल्या आनंदवनात अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांनी हातमागापासून छपाईपर्यंतची कामे करून दाखवली. दिव्यांग माणूस कमावता होऊ शकतो, हे विदर्भाला कुणी बाहेरून येऊन सांगावे लागले नाही.

तरीही अठरा वर्षांनंतरच्या बहुतेक कार्यशाळा मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या आणि फाइलींपाशी थांबल्या. दिवाळीत स्टॉल लागतो, लोक कौतुकाने खरेदी करतात, आणि पुढचे अकरा महिने हातात मजुरी म्हणावी असे काही पडत नाही. सुरक्षित जागा म्हणून कार्यशाळेचे मोल आहे, आणि तीव्र दिव्यांगत्वाच्या तरुणांना ती लागतेच. मात्र तिथे वर्षानुवर्षे ‘तयारी’ चालू राहते आणि नोकरीचा दिवस उगवत नाही.

सहाय्यित रोजगाराची पद्धत याच्या उलट चालते. आधी खऱ्या जागी काम द्यायचे आणि तिथेच शिकवायचे. शिकवणाऱ्याला जॉब कोच म्हणतात. संत्रा बर्फीच्या दुकानातले पॅकिंग पाहा. खोका उघडून घडी बसवणे, बटर पेपर अंथरणे, वड्या लावणे, वजन करणे, झाकण, लेबल. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला तरुण यातली पाच कामे सफाईने करतो आणि वजनकाट्यावरच्या आकड्यांपाशी अडतो. तिथे कोच ठरावीक खळ्यांचा ट्रे देतो. ट्रे भरला की वजन जवळपास बरोबर, आणि शेवटचा काटा दुसरा कामगार बघतो. मालकाला खर्च जवळजवळ काहीच नाही. कायद्यात ज्याला वाजवी सोयीसुविधा म्हटले आहे, ती पुष्कळदा एवढीच असते. कोच पहिले काही आठवडे रोज येतो, मग आठवड्यातून एकदा, मग फोनवर. त्याने हळूहळू दूर व्हायचे आणि त्याची जागा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने घ्यायची.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात 1996 मध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट सर्च हा उपक्रम याच विचारावर उभा आहे. शाळेच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी रुग्णालयाच्या वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने काम करतात. धंतोली-रामदासपेठेत पावलोपावली रुग्णालये असलेल्या नागपुराला हे सहज जमण्यासारखे आहे. साहित्याचे ट्रे लावणे, चादरी मोजणे, फाइली स्कॅन करणे, भांडारात तारखा तपासणे ही कामे ठरलेल्या क्रमाची आहेत, आणि ठरलेला क्रम ही अनेक स्वमग्न तरुणांची ताकद असते.

काम मिळाले तरी रोज तिथवर पोहोचायला हवे. नागपूर मेट्रोची खापरीकडची मार्गिका 2019 मध्ये आणि हिंगणा मार्गावरची लोकमान्य नगरपर्यंतची 2020 मध्ये सुरू झाली. लिफ्ट आणि अंधांसाठी खुणांच्या फरशा असलेली स्थानके मिहान आणि हिंगणा एमआयडीसी या उद्योगक्षेत्रांच्या दिशेला पोहोचली, ही मोठी सोय झाली. अडचण स्थानकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतची आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना तुटक्या फुटपाथवरून व्हीलचेअर ढकलत जाणे कुणालाही रोज जमणार नाही. म्हणून प्रवासाचा सराव हा प्रशिक्षणाचाच भाग धरायला हवा. आधी आईसोबत, मग आई दोन डबे मागे, मग एकट्याने. आणि शेवटच्या टप्प्यासाठी कंपनीची बस त्या थांब्यावर थांबेल का, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.

सिकलसेल

विदर्भात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. 2016 च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्व मानले. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडतात आणि असह्य वेदना सुरू होतात. विदर्भातील अनुसूचित जाती-जमातींत या आजाराचे प्रमाण मोठे आहे. अंगात पाणी कमी पडणे, थंडी, अतिश्रम, संसर्ग यांनी वेदना उसळतात. बाहेरून मुलगी धडधाकट दिसते, म्हणून रजा मागितली की बहाणा समजतात. तिला लागते ती हाताशी पाण्याची बाटली, पाणी प्यायला आणि लघवीला जायची मोकळीक, फार गरम किंवा फार गार नसलेली जागा आणि अचानक घ्यावी लागणारी रजा.

लक्षणीय दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असले तर तिला कलम 32 नुसार सरकारी उच्च शिक्षणातील 5 टक्के जागांवर दावा करता येतो. कलम 34 मधील नोकरीच्या 4 टक्क्यांत मात्र दृष्टी, श्रवण, अस्थिव्यंग, बौद्धिक-मानसिक आणि बहुदिव्यांगत्व हेच गट आहेत. रक्ताचे आजार त्यात नाहीत. म्हणजे जो कायदा तिला कॉलेजात दिव्यांग म्हणून हात देतो, तोच नोकरीच्या दारात तिचा हात सोडतो. नागपूरसारख्या शहरात ही त्रुटी शेकडो घरांना भोवते, आणि ती दुरुस्त व्हायलाच हवी.

तोवर अशा तरुणांची भिस्त खासगी नोकरीवर राहते. तिथे आरक्षण नाही, पण कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचे असते. 2017 च्या नियमांनुसार 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांना योग्य अशा पदांची यादी, निवडीची पद्धत, मिळणाऱ्या सुविधा आणि संपर्क अधिकारी यांचा तपशीलही त्यात द्यावा लागतो. हे धोरण कंपनीने शक्यतो संकेतस्थळावर, नाहीतर आवारात ठळक जागी लावायचे असते. बुटीबोरी किंवा मिहानमध्ये मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवाराने ते मागून घ्यावे आणि आपल्याला लागणारी सोय त्याच्या आधारे लेखी कळवावी.